‘जीपीएसची वेळ’ म्हणजे नेमकी कोणती वेळ?

२६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकी हवाई दलाने जीपीएस उपग्रहमालिकेतील एसव्हीएन-२३ हा जुना उपग्रह सेवेतून निवृत्त केला. १९९० साली सोडलेल्या या उपग्रहाने अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वर्षे काम केले होते आणि असे उपग्रह बाजूला काढणे हा नित्याच्या कामाचा भाग होता. मात्र त्या दिवशी भूस्थानकाच्या आज्ञावलीतील एक सुप्त दोष जागा झाला आणि इतर पंधरा उपग्रहांकडे एक चुकीचा आकडा पाठवला गेला. पुढचे कित्येक तास हे उपग्रह जगाला सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकलेली वेळ सांगत राहिले. दूरसंचार कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत धोक्याचे इशारे उमटू लागले. ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओच्या प्रसारणात अडथळे आले.

याच तासांत जगभरातील विमाने, जहाजे आणि मोटारी मात्र आपापल्या मार्गाने बिनघोर चालल्या होत्या. स्थाननिश्चितीच्या सेवेवर कोणताही परिणाम झाला नसल्याचे हवाई दलाने जाहीर केले आणि ते खरेही होते. वरवर पाहता या दोन गोष्टी एकत्र नांदणे अशक्य वाटते. जीपीएस ही मुळात वेळ मोजून अंतर काढणारी व्यवस्था आहे. प्रकाश १३ मायक्रोसेकंदांत जवळजवळ चार किलोमीटर जातो. तेव्हा उपग्रहांची घड्याळे तेवढी चुकली असती, तर मुंबई विमानतळावर उतरू पाहणारे विमान कागदोपत्री शहराच्या भलत्याच उपनगरात दिसले असते. तसे काहीच झाले नाही. मग चुकले ते काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्या शब्दप्रयोगात दडले आहे, तो अभियंत्यांच्या, वकिलांच्या आणि शासकीय अधिसूचनांच्या भाषेत रोज निष्काळजीपणे वापरला जातो: ‘जीपीएसची वेळ’. या एका नावाखाली किमान दोन वेगळ्या वेळा राहतात. पहिली म्हणजे जीपीएसची स्वतःची अंतर्गत वेळ. ती ६ जानेवारी १९८० च्या मध्यरात्री सुरू झाली आणि तेव्हापासून एकही लीप सेकंद न घेता अखंड पुढे जात आहे. दुसरी म्हणजे जीपीएसच्या मदतीने मिळणारी जागतिक समन्वित वेळ, अर्थात यूटीसी. पृथ्वीच्या अनियमित परिवलनाशी जुळवून घेण्यासाठी तिच्यात अधूनमधून एक सेकंद घातला जातो. उपग्रह आपली अंतर्गत वेळ सांगतो आणि सोबत ‘यूटीसी हवी असेल तर माझ्या वेळेतून एवढे वजा करा’ अशी एक दुरुस्तीही पाठवतो. २०१६ मध्ये चुकली ती ही दुरुस्ती. अंतर्गत वेळ अबाधित होती. म्हणून वाहने वाट चुकली नाहीत. ज्या यंत्रणांनी ती दुरुस्ती वापरून यूटीसी काढली, त्यांनाच फटका बसला. ‘जीपीएसची वेळ चुकली’ आणि ‘जीपीएसची वेळ चुकली नाही’ ही दोन्ही विधाने त्या दिवशी एकाच वेळी खरी होती.

एकाच क्षणाचे सहा आकडे

समजा, या क्षणी यूटीसीनुसार दुपारचे १२ वाजून शून्य मिनिटे, शून्य सेकंद झाले आहेत. जीपीएसच्या अंतर्गत घड्याळात त्याच क्षणी १२ वाजून १८ सेकंद झालेले असतात, कारण १९८० नंतर यूटीसीत अठरा लीप सेकंद घातले गेले आणि जीपीएसने त्यांची दखल घेतली नाही. युरोपची गॅलिलिओ आणि भारताची नाविक या व्यवस्थाही १८ सेकंदच पुढे आहेत. चीनच्या बायडूने आपली मोजणी १ जानेवारी २००६ पासून सुरू केली, म्हणून ती फक्त ४ सेकंद पुढे. रशियाच्या ग्लोनासचा मार्ग निराळाच. ती मॉस्कोच्या वेळेला धरून यूटीसीच्या तीन तास पुढे चालते आणि लीप सेकंदही पाळते. तेव्हा तिथे बरोबर तीन वाजलेले असतात. या सर्वांच्या मुळाशी असलेली आंतरराष्ट्रीय अणुवेळ ३७ सेकंदांनी पुढे असते आणि भारतीय प्रमाणवेळेनुसार सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात.

यात चूक कोणाचीच नाही. प्रत्येक व्यवस्थेने आपापल्या सोयीचा आरंभबिंदू निवडला आणि तो जाहीरही केला. गोंधळ होतो तो हे आरंभबिंदू शब्दांत मांडताना. गॅलिलिओचे उदाहरण यात फार बोलके आहे. या व्यवस्थेच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत कालमानाचा आरंभ २२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री शून्य वाजता झाल्याचे म्हटले होते आणि पुढच्याच वाक्यात, आरंभाच्या क्षणी हे कालमान यूटीसीच्या १३ सेकंद पुढे होते, असेही नमूद होते. ज्याला संदर्भ ठाऊक आहे, त्याला यात काही खटकत नाही. पण नव्याने वाचणाऱ्या अभियंत्यापुढे पेच उभा राहतो. मध्यरात्री घड्याळात शून्य होते की तेरा? पहिला अर्थ घेतला तर गॅलिलिओ आणि जीपीएस यांच्यात तेरा सेकंदांची दरी पडते, दुसरा घेतला तर दोन्ही जुळतात. नंतरच्या आवृत्तीत संपादकांनी वाक्य बदलले: आरंभ त्या मध्यरात्रीच्या १३ सेकंद आधी झाला, म्हणजे यूटीसीनुसार मध्यरात्री गॅलिलिओच्या घड्याळात १३ सेकंद झालेले होते. अब्जावधी युरो खर्चून उभारलेल्या व्यवस्थेत, जिथे नॅनोसेकंदांचा हिशेब ठेवला जातो, तिथे तेरा सेकंदांची संदिग्धता एका वाक्यरचनेमुळे शिरली होती आणि वाक्य नीट करूनच ती दूर झाली.

‘आरंभ’ या अर्थाने इंग्रजीत वापरला जाणारा ‘इपॉक’ हा शब्दही असाच तिहेरी आहे. संगणकशास्त्रात तो मोजणीचा शून्यबिंदू आहे. भूमापनात उपग्रहाचे प्रत्येक निरीक्षण ज्या क्षणी नोंदले गेले, तो क्षण म्हणजे इपॉक. भूगणितात एखाद्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश ज्या तारखेला बरोबर होते, ती तारीख म्हणजे इपॉक. भूखंड सरकत असल्यामुळे तिचा उल्लेख करावाच लागतो. तिन्ही शाखांची माणसे एका प्रकल्पात एकत्र आली की प्रत्येकाला वाटते, आपण म्हणतो तोच अर्थ. विमानातून लेसर किरणांनी जमिनीचे मोजमाप करणाऱ्या लिडार तंत्रात तर ‘जीपीएस वेळ’ याच नावाच्या रकान्यात दोन प्रकारचे आकडे असू शकतात: चालू आठवड्यातील सेकंद, किंवा १९८० पासूनच्या एकूण सेकंदांतून शंभर कोटी वजा केलेली संख्या. कोणता प्रकार आहे, हे फाइलच्या आरंभी एका बिटने सांगितलेले असते. तो बिट चुकीचा लिहिला गेला, तर रकान्याच्या नावावरून काहीही उमगत नाही.

साडेबारा मिनिटांचा अवकाश

व्यवहारात याहून अधिक त्रासदायक ठरते ती एक साधी गोष्ट. जीपीएसच्या मूळ नागरी संदेशात लीप सेकंदांची दुरुस्ती सतत येत नाही. संपूर्ण संदेश पुरा व्हायला साडेबारा मिनिटे लागतात आणि ही माहिती त्यात एकदाच येते. बराच काळ बंद असलेला रिसीव्हर सुरू केला, की त्याला उपग्रह लवकर सापडतात, स्थानही मिळते. पण लीप सेकंदांचा ताजा आकडा हाती येईपर्यंत तो काय दाखवणार? काही यंत्रे आपल्या स्मृतीतील जुना आकडा वापरतात. काही थेट अंतर्गत वेळच दाखवतात आणि काही मिनिटांनी घड्याळ अचानक अठरा सेकंद मागे उडी घेते. नोंदवहीत मात्र दोन्ही नोंदींवर ‘जीपीएसची वेळ’ असाच शिक्का असतो.

अठरा सेकंद म्हणजे किती? घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला त्याचे काही वाटत नाही. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत फिरणारा उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर जातो. एका संस्थेने यूटीसी समजून दुसरीची जीपीएस वेळ वापरली, तर त्या उपग्रहाचे भाकीत केलेले स्थान सुमारे १३५ किलोमीटरने चुकते. दोन उपग्रहांची टक्कर टाळण्याचे गणित ज्यावर बेतलेले आहे, त्या आकड्यांबाबत ही चूक परवडणारी नाही.

शेअर बाजाराने हा धडा लवकर घेतला. युरोपीय संघाच्या २०१७ च्या ५७४ क्रमांकाच्या नियमानुसार, अतिवेगवान सौदे करणाऱ्या संस्थांची घड्याळे यूटीसीपासून १०० मायक्रोसेकंदांहून अधिक ढळता कामा नयेत, असे बंधन घालण्यात आले. अठरा सेकंद ही त्या मर्यादेच्या एक लाख ऐंशी हजार पट चूक झाली. म्हणूनच नियमकर्त्यांनी केवळ ‘उपग्रहावरून वेळ घ्यावी’ एवढे म्हणून सोडले नाही. उपग्रहव्यवस्थेकडून मिळणारी यूटीसी चालेल. परंतु यूटीसीपासूनचा कोणताही फरक हिशेबात घेऊन नोंदीतून वगळला पाहिजे, अशी अट त्याच कलमात घातली. कायद्याच्या भाषेत दुर्मीळ असणारी ही नेमकेपणाची दृष्टी आहे. लंडन किंवा फ्रँकफर्टमध्ये व्यवहारप्रणाली सांभाळणाऱ्या अनेकांना हे कलम कंटाळवाण्या अनुपालनाचा भाग वाटत असेल. पण पुढे एखाद्या सौद्यावरून वाद झाला, तर कोणाची मागणी आधी आली याचा निवाडा त्याच एका अटीवर होतो.

अमेरिकेत रोखे-व्यवहारांची स्वनियामक संस्था फिन्रा हिने मोजपट्टी वेगळी धरली. तिथे घड्याळे राष्ट्रीय प्रमाणन संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, घड्याळापासून ५० मिलिसेकंदांच्या आत असावी लागतात. यूटीसी आणि निस्टची वेळ यांतला फरक व्यवहारात नगण्य आहे, तरीही दोन्ही संकल्पना एक नाहीत. शुद्ध यूटीसी कोणत्याही घड्याळात प्रत्यक्ष टिकटिकत नसते. पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-मापे कार्यालय जगभरातील चारशेहून अधिक अणुघड्याळांच्या नोंदी गोळा करते, त्यांची भारित सरासरी काढते आणि दर महिन्याला एका पत्रकाद्वारे कोणत्या प्रयोगशाळेचे घड्याळ किती नॅनोसेकंदांनी पुढे-मागे होते, ते कळवते. म्हणजे खरी यूटीसी मागाहून, कागदावर कळते. चालू क्षणी हाती असते ती एखाद्या प्रयोगशाळेने राखलेली तिची प्रत. जीपीएस आपली दुरुस्ती देते, ती अमेरिकी नौदल वेधशाळेच्या प्रतीला धरून.

दोन एनपीएल

भारताची प्रत नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. इंग्रजी आद्याक्षरांनी ती ‘एनपीएल’. आणि लंडनजवळच्या टेडिंग्टन येथे, जिथे लुई एसेन यांनी १९५५ मध्ये पहिले उपयुक्त सीझियम अणुघड्याळ चालवले, त्या ब्रिटिश संस्थेचे नावही ‘एनपीएल’च. आंतरराष्ट्रीय नोंदींत घोळ होऊ नये म्हणून ब्रिटिश प्रतीला एनपीएल आणि भारतीय प्रतीला एनपीएलआय असा संकेत दिलेला आहे. कचेऱ्यांच्या भाषेत तो शेवटचा ‘आय’ गळून पडतो.

२८ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या संगणकीय आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, एक निर्देश काढला. भारतात सेवा देणाऱ्या संस्थांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा एनपीएल यांच्या वेळसेवेशी जोडावीत, असे त्यात म्हटले आहे. ज्यांचा पसारा अनेक देशांत आहे, त्यांना अन्य अचूक स्रोत वापरण्याची मुभा आहे. अट एवढीच की तो स्रोत या दोन संस्थांच्या वेळेपासून ढळू नये. पुण्यात एक, न्यू जर्सीत एक आणि लंडनमध्ये एक अशी कार्यालये असलेल्या कंपनीतील मराठी अभियंत्याने हे वाक्य वाचले, तर त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. लंडनच्या सहकाऱ्याला ‘एनपीएल’ म्हटल्यावर टेडिंग्टन आठवते. तिथून वित्तसंस्थांना वेळेची सशुल्क सेवाही दिली जाते. तो प्रश्न संदर्भाने सुटतो. दुसरा सुटत नाही: ‘ढळू नये’ म्हणजे कितीने? जगातील कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. मर्यादा न सांगता ‘ढळू नये’ म्हणणे हे मोजमापाच्या भाषेत अर्धे वाक्य आहे. युरोपने १०० मायक्रोसेकंद लिहिले, अमेरिकेने ५० मिलिसेकंद लिहिले. भारतीय निर्देशात त्या जागी आकडा नाही.

हा मुद्दा केवळ पांडित्याचा नाही. मोठ्या क्लाउड कंपन्या लीप सेकंद एकदम घालत नाहीत. गूगल तो चोवीस तासांवर पसरवते, म्हणजे त्या दिवशी तिच्या घड्याळातला प्रत्येक सेकंद किंचित लांबतो. अशा दिवशी मधल्या क्षणी तिची वेळ आणि यूटीसी यांच्यात अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. ते ‘ढळणे’ आहे की नाही? ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्समधील दोषामुळे अनेक संकेतस्थळे कोलमडली आणि क्वांटासची उड्डाणे रखडली होती. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट, साडेपाचचा सुमार होता. सेकंद पसरवण्याची युक्ती अशा अनुभवांतूनच रूढ झाली. तिच्यामागचा हेतू शहाणपणाचा आहे, पण त्या चोवीस तासांत पाटीवर ‘यूटीसी’ लिहिलेले असते आणि आत दुसरेच काही असते.

प्रमाणवेळ कायद्यात येताना

या पार्श्वभूमीवर भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये हरकतींसाठी खुला केलेला वैध मापनशास्त्र (भारतीय प्रमाणवेळ) नियमांचा मसुदा महत्त्वाचा ठरतो. व्यापार, वाहतूक, प्रशासन, कायदेशीर करार आणि वित्तीय व्यवहार यांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी, अन्य वेळेचा अधिकृत वापर करू नये, असा त्याचा रोख आहे. खगोलशास्त्र, नौकानयन-दिशादर्शन आणि वैज्ञानिक संशोधन यांना पूर्वपरवानगीने सूट देण्याची तरतूद मसुद्यात आहे. सोबत अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील पाच प्रयोगशाळांतून, एनपीएल आणि इस्रो यांच्या साहाय्याने, ही वेळ देशभर पोहोचवण्याची योजना आहे.

धोरण म्हणून हे पाऊल योग्य आहे. भारतातील बँका, वीजजाळी आणि दूरसंचार यंत्रणा आजवर मोठ्या प्रमाणावर परकीय उपग्रहांच्या वेळेवर विसंबून राहिल्या आणि २०१६ च्या घटनेने ते अवलंबित्व किती नाजूक असते, ते दाखवून दिले. नाविकचा पर्याय अजून पुरता भरवशाचा नाही, हेही मान्य करावे लागते. तिच्या पहिल्या उपग्रहावरील आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे निकामी झाली. स्वदेशी घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ मे २०२३ मध्ये यशस्वीपणे गेला, तर जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. तेव्हा जमिनीवरून, तारांमधून वेळ पोहोचवण्याची सोय हवीच.

अडचण आहे ती ‘अन्य वेळ’ या शब्दांत. मोबाइलचा टॉवर ग्राहकाच्या फोनवर भारतीय प्रमाणवेळ दाखवतो, पण आपल्या शेजारच्या टॉवरशी ताल राखण्यासाठी आतून उपग्रहांच्या अखंड कालमानावर चालू शकतो. तिथे दोन टॉवरांमधला मेळ काही मायक्रोसेकंदांच्या आत असावा लागतो आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. तो टॉवर ‘अन्य वेळ’ वापरतो का? नाविकचा रिसीव्हर स्वतःच यूटीसीच्या अठरा सेकंद पुढच्या कालमानावर मोजणी करतो. तो स्वदेशी असूनही प्रमाणवेळेहून ‘अन्य’ ठरतो का? वापर म्हणजे दाखवणे, नोंदवणे की आतून मोजणे, हे नियमात स्वच्छ लिहिले नाही, तर परवानगीच्या अर्जांचा ढीग तरी साचेल किंवा नियमाकडे सोयीस्कर दुर्लक्ष तरी होईल. युरोपच्या नियमाने ‘नोंदीतून फरक वगळा’ असे म्हटले. यंत्राच्या पोटात काय चालते, याच्याशी संबंध ठेवला नाही. भारतीय मसुद्याला हाच मार्ग अधिक सोपा आणि अधिक कणखर ठरला असता.

मुंबईकरांच्या मागच्या पिढ्यांना या प्रश्नाची ओळख होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतात प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. तिच्या ३९ मिनिटे मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. रेल्वे एका वेळेवर आणि पालिका दुसऱ्या वेळेवर असताना, भेट ठरवणाऱ्याला ‘कोणते दहा?’ असे विचारावेच लागे. तो फरक ३९ मिनिटांचा असल्याने डोळ्यांना दिसत तरी होता. अठरा सेकंद दिसत नाहीत आणि तेरा मायक्रोसेकंद तर नाहीतच, त्यामुळे ‘कोणते?’ हा प्रश्न विचारायचे कोणाला सुचत नाही.

नाव तेच, अर्थ वेगळा

पुढच्या दहा वर्षांत यात आणखी एक पदर जोडला जाणार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायला भरलेल्या वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने २०३५ पर्यंत लीप सेकंदाची सध्याची पद्धत थांबवण्याचा ठराव केला. वृत्तपत्रांनी ‘लीप सेकंद रद्द’ असे मथळे दिले. ठरावाचे शब्द अधिक सावध आहेत. आज यूटीसी पृथ्वीच्या परिवलनावर आधारलेल्या वेळेपासून ०.९ सेकंदांहून अधिक दूर जाऊ दिली जात नाही. ही मर्यादा वाढवायची आणि ती किमान शंभर वर्षे लीप सेकंदाशिवाय निभावेल इतकी मोठी ठेवायची, असे ठरले. नवी मर्यादा किती, हा प्रस्ताव २०२६ च्या अठ्ठाविसाव्या परिषदेकडे सोपवण्यात आला. २०२३ च्या अखेरीस दुबईत झालेल्या जागतिक रेडिओसंवाद परिषदेने या निर्णयाला दुजोरा दिला. जिथे विद्यमान यंत्रणा बदलाव्या लागतील, अशा प्रसंगी २०४० पर्यंतचा अवधी मान्य केला. लीप सेकंद आपल्या घड्याळात मुरवून बसलेल्या ग्लोनासमुळे रशियाला अधिक मुदत हवी होती, हे उघड होते.

या चर्चेत एक प्रस्ताव मागे पडला आणि तो मागे पडायला नको होता. २००३ मध्ये तुरिन येथे झालेल्या परिसंवादात असे सुचवले गेले होते की लीप सेकंद सोडायचे असतील, तर नव्या कालमानाला नावही नवे द्यावे. ‘आंतरराष्ट्रीय वेळ’ असे एक नाव पुढे आले होते. २०२२ च्या ठरावाने जुनेच नाव कायम ठेवले. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. जगभरच्या कायद्यांत, करारांत आणि आज्ञावल्यांत ‘यूटीसी’ हा शब्द रुजला आहे. तो बदलायचा तर हजारो दस्तऐवज बदलावे लागतील. अमेरिकेने तर २००७ मध्ये आपल्या कायद्यातून ‘मध्यम सौर वेळ’ काढून यूटीसी लिहिली. ब्रिटनमध्ये लॉर्ड टॅनलॉ यांनी १९९७ मध्ये असेच विधेयक मांडले होते. ते कायद्यात उतरले नाही आणि तिथे कायद्याच्या पुस्तकात आजही ग्रिनिच मध्यम वेळ आहे, जरी रेडिओवरचे ठोके यूटीसीचे पडतात.

परंतु नाव तेच ठेवून अर्थ बदलण्याची किंमत पुढच्यांना चुकवावी लागते. दुर्बिणी वळवणाऱ्या किंवा ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान काढणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांनी, यूटीसी म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याची वेळ, फार तर सेकंदाचा फरक, असे गृहीत धरले आहे. २०३५ नंतर हे गृहीतक हळूहळू खोटे होईल आणि ज्या दिवशी ते खोटे होईल, त्या दिवशी कोणताही इशारा वाजणार नाही, कारण शब्द जागच्या जागी असेल. यूटीसीच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडत नाही. १९७२ पूर्वी याच नावाखाली सेकंदाची लांबीच थोडी कमी-जास्त करण्याची पद्धत होती; १९६५ च्या निरीक्षणांवर ‘यूटीसी’ लिहिलेले दिसले की अभ्यासकाला आजही वेगळा तक्ता उघडावा लागतो.

लीप सेकंद थांबले म्हणजे उपग्रहांच्या वेळांतले फरक मिटतील, असाही एक समज आढळतो. ते मिटणार नाहीत, गोठतील. जीपीएस, गॅलिलिओ आणि नाविक १८ सेकंद पुढे, बायडू ४ सेकंद पुढे, अणुवेळ ३७ सेकंद पुढे, हे अंतर पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहील. हे आकडे तरी तोवर टिकतील का, हाही प्रश्न आहे. डिसेंबर २०१६ नंतर एकही लीप सेकंद घालावा लागलेला नाही, कारण पृथ्वी अलीकडे किंचित वेगाने फिरते आहे. डंकन ॲग्न्यू यांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या अनुमानानुसार ध्रुवांवरचे बर्फ वितळल्याने हा वेग काहीसा आटोक्यात राहिला आहे, तरीही २०२९ च्या आसपास यूटीसीतून एक सेकंद काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. असा उणा सेकंद आजवर कधीच घेतला गेलेला नाही. तो आला, तर १८ चे १७ होतील. उपग्रहाकडून येणारी दुरुस्ती प्रत्येक वेळी नव्याने वाचण्याऐवजी ‘१८’ हा आकडा कायमचा कोरून ठेवलेल्या यंत्रणा किती आहेत, ते त्या रात्री कळेल.